तीन दिसाची

आत्याबाई, तुमच्या महालक्ष्म्या यंदा डब्यातच राहिल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला रागवायला सवड मिळेल. डबा हसनाबादेत, तुमच्याच खोलीत, कुलपाच्या आत. कुलपाची किल्ली माझ्या कमरेला. आणि मी बेंगलोरला, नवव्या मजल्यावर, माझ्या लेकाच्या, म्हणजे तुमच्या नातवाच्या घरी. थोरलीचं तोंड आणि धाकटीचं तोंड तुमच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेलं, तसंच. साठ वर्षांत असं झालं नव्हतं. तुम्ही होता तोवर झालं नाही आणि तुमच्यामागं मीही होऊ दिलं नाही.

लिहून राहिली आहे माझी नात. चौथीपर्यंत जालन्याला शाळेत होती म्हणून तिला मराठी लिहिता येतं. वेलांट्या चुकतात असं तिची आई म्हणते, मला त्यातलं काय कळतंय. तिनं सुरुवातीलाच विचारलं, आजी, 'नाही' लिहू का 'न्हाई'. मी म्हटलं, तुझं तू शाळेतलं लिही, पण माणसं बोलतील ते त्यांच्या तोंडाचं राहू दे. मग तिनं विचारलं, पत्र कुणाला. तुमचं सांगितलं तर म्हणाली, पण त्या तर वारल्या ना. वारल्या, तीस वर्षं झाली. आणि मला अक्षर येत नाही, तुम्हालाही येत नव्हतं. म्हणजे सांगणारीला वाचता येणार नाही, जिला सांगायचं तिलाही नाही, आणि टपालाचा तर प्रश्नच नाही. अशा पत्रात माणूस खरं बोलू शकतो.

तर खरं असं, की तुम्ही मला फसवलंत. लग्न उन्हाळ्यात झालं होतं आणि रीतीप्रमाणे मी परत माहेरी गेले होते, वडीगोद्रीच्या अंगाला, बापाच्या मेंढ्यांमागं. भादव्यात तुम्ही स्वतः आलात. टोपल्यात खण, नारळ, वर फडकं. माझ्या आईला म्हणालात, "विहीणबाई, महालक्ष्म्यांपुरती द्या पोरगी. तीन दिस. चौथ्या दिशी मी सोता आणून घालते." आईनं मला एकच जास्तीचं लुगडं बांधून दिलं, तीन दिवसांना दुसरं कशाला. जालन्याला मोटार बदलायची होती. जुन्या जालन्यात एका धान्याच्या दुकानाच्या ओट्यावर मला बसवून तुम्ही पुडीभर गुडीशेव घेऊन दिलीत. फसवणाऱ्याचा हात असा गोड असतो हे तेव्हा कळलं असतं तर मी शेव खाल्ली नसती. खाल्ली असती म्हणा, चौदा वर्षांची होते.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या यायच्या होत्या. तुम्ही थोरलीचा मुखवटा घेतलात, माझ्या हातात धाकटीचा दिलात. आपण दोघी उंबऱ्याबाहेर, आत बायका ताट-पळी वाजवून राहिलेल्या. आतून विचारायचं, लक्ष्मी कशाच्या पावलानं आली, आणि बाहेरून आपण सांगायचं, धनाच्या, धान्याच्या, गाईवासराच्या, लेकराबाळाच्या. हे सगळ्या घरी असतं, माझ्या आईच्या घरीही होतं. पण तुमच्या घरी पुढं आणखी एक विचारायचे, ते मला कुणी सांगितलं नव्हतं. मी उंबऱ्यावर पाय ठेवणार तेवढ्यात आतून एका म्हातारीनं विचारलं, "किती दिसाची आलीस?"

माझ्याकडं बघून विचारलं. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, "तीन दिसाची."

पळी थांबली. ते ताट मला अजून दिसतं, काठाला पोचा पडलेलं पितळी. तुम्ही वळून बघितलंत. मारलं नाहीत. हळू आवाजात म्हणालात, "भवाने, लक्ष्मीला कोणी जायचा दिस सांगतं का? राह्यला आले, म्हणायचं. आलेलीला जायची वाट दाखवू न्हाई." मी म्हटलं, "मला वाटलं मला इचारलं." त्यावर सगळ्या बायका इतक्या हसल्या की एकीच्या हातातला करंडा सांडला. त्या दिवसापासून मी तीनदिशी. दूध नासलं, तीनदिशीनं हात लावला असंल. लाल गाय मेली, तीनदिशीच्या तोंडानं मेली. लेक झाल्यावर तरी नाव सुटेल असं वाटलं होतं, तर बारशाला आलेल्या बायका म्हणतात, तीनदिशीला पोरगा झाला बरं का.

पण आत्याबाई, चुकलं काय माझं? तुम्हीच तर सांगितलं होतं तीन दिवस. मी लक्ष्मीचं नाही, माझं बोलत होते. आणि लक्ष्मीचंही तेच खरं होतं. तिसऱ्या दिवशी मुरडीचा कानवला दाखवून, दहीभात बांधून तुम्ही तिला डब्यात घातलंतच की. मी उभी राहून बघत होते आणि मनात म्हणत होते, आता उद्या माझा नंबर.

चौथ्या दिवशी तुम्ही नेऊन घातलं नाहीत, म्हणून पाचव्या दिवशी बाप न्यायला आला. मी आत जात्याशी होते. त्याची वहाण ओट्यावर वाजली ती मी ओळखली. त्याच्या हातात आकडी होती, लांब काठी, टोकाला वळलेलं लोखंड. तिनं तो बाभळीच्या फांद्या ओढून मेंढरांना पाला पाडायचा. कुठंही गेला तरी ती त्याच्यासंगं असायची. तुम्ही त्याला गूळपाणी दिलंत आणि म्हणालात, "पोरगी रमली इथं. जायचं नाव घेईना. दिवाळीला बगू." मी जात्याचा खुंटा धरून तशीच बसले. तुम्ही इतकं गोड बोललात की माझं मलाच क्षणभर वाटलं, रमले की काय. बापानं बाहेरूनच विचारलं, "बरी हाईस ना ग?" मी म्हटलं, "हाव." त्या एका 'हाव'चं मला अजून कळत नाही.

दिवाळीला तुम्ही पाठवलं नाहीत. आमच्यात पाडव्याला मेंढ्या बसायच्या तिथं गोवऱ्या पेटवून, नव्या मडक्यात दूध उतू घालायचे. ज्या अंगाला दूध उतू जाईल त्या अंगाला त्या साली कळप न्यायचा. आणि दूध कुठं गेलं हे बघून सांगायचं काम घरच्या लेकीचं. माझ्या आधी बापाच्या बहिणीनं केलं, मग मी सहा वर्षांची असल्यापासून मीच. त्या पाडव्याला मी तुमच्या चुलीपुढं अनारसे तळत होते. तुम्ही म्हणालात, "जाळी काय सुंदर पडली ग," आणि पहिला अनारसा माझ्याच तोंडात घातलात. मी खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं ते तुपाच्या धुरानं आलं असं तुम्ही समजलात, किंवा तसं समजायचं ठरवलंत. त्या साली दूध कुठल्या अंगाला उतू गेलं ते मी कधी विचारलं नाही. शिमग्यानंतर गेले तेव्हा बाप कळप घेऊन लांब गेलेला होता, म्हणजे कुठंतरी गेलंच असणार.

असं सांगताना तुम्ही वाईट होतात असं वाटेल. ही पोरगी लिहिता लिहिता माझ्याकडं बघायलीय, तिला तसंच वाटायलंय. तशा नव्हतात. बाळंतपणात माझे पाय तुम्ही चेपलेत. सोळा भाज्या कशा मोजायच्या, पुरणाचे दिवे मोडू न देता कसे उकडायचे, सगळं तुमच्याच हाताखाली शिकले. पण फसवलं ते फसवलं. तुम्ही जायच्या वेळी, खाटेवर, भर दुपारी, मी वाटीनं पाणी पाजत होते तर तुम्ही मला जवळ बोलावून विचारलंत, "ए तीनदिशे, मी किती दिसाची ग?" मी म्हटलं, "राह्यला आलात, आत्याबाई." तुम्ही हसलात. म्हणालात, "शिकली बिलकुल." मग डबा माझ्याकडं दिलात आणि म्हणालात खंड पडू देऊ नको. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. मी तुमच्याशी खोटं बोलले ते फक्त तेवढंच एकदा, आणि तेही तुमच्याकडूनच शिकलेलं.

आता तुमच्या नातवाचं ऐका. मागच्या हिवाळ्यात मी न्हाणीत पडले. सकाळची पडलेली, दुपारी दूधवाल्यामुळं कळलं. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून त्याचं फोनवर एकच, आई इकडं ये. मी म्हणायचे, डबा सोडून कुठं येऊ. मग आखाडात तो स्वतः आला. म्हणाला, "आई, सुट्टी समज. पंधरा दिवस ऱ्हाय, नातीला भेट, महालक्ष्म्यांच्या आधी मी आणून सोडतो." मी विचारलं, "जायचं तिकीट?" मी काही चौदा वर्षांची नाही आता. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. "हे बघ. ठेव तुझ्यापाशीच." मी तो बटव्यात ठेवला, सुपारीच्या खाली. दोन लुगडी घेतली. घराला कुलूप लावलं, महालक्ष्म्यांना म्हटलं आलेच, आणि निघाले.

बेंगलोर चांगलं आहे. हवा गार आहे, नळाला पाणी आहे, सून जीव लावते. खालच्या मजल्यावरची कानडी बाई मला बघून हात जोडते, मी तिला बघून जोडते, तेवढ्यावर आमची मैत्री आहे. पंधराचे वीस दिवस झाले, पंचवीस झाले. मी विचारलं की लेक म्हणायचा, "हाये ना तिकीट तुझ्याकडं, कशाला काळजी?" खरंच होतं. रोज सकाळी सुपारी काढताना मी कागद चाचपून बघायची. मग गणपती आले. त्याच्या आदल्या दिवशीच त्या कानडी बाईची गौर येऊन बसली, आमच्याहून चार दिवस आधी. तिनं मला साखरफुटाणे दिले. लक्ष्मी दारात आली आणि मी अजून इथंच. नातीला बोलावलं, कागद काढून दिला आणि म्हटलं, बाई, यावर कोणता वार आहे तेवढं बघ.

हिनं वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "आजी, हे जायचं न्हाई. हे यायचंच तिकीट आहे. ज्यानं तू आलीस ना, ते."

सव्वा महिना मी आलेलं तिकीट जायचं म्हणून जपत होते, आत्याबाई. हसा. मीही आधी हसलेच. हिला म्हटलं, कशावरून ओळखायचं ते तरी दाखव. हिनं वरच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं दोन गावं असतात म्हणे, निघायचं आधी, पोचायचं नंतर. आणि जालन्याचं पहिलं अक्षर इंग्रजीत कसं असतं ते दाखवलं. एक उभी काठी आणि खाली वळलेलं टोक. बापाची आकडीच की, उलटी धरलेली. मी म्हटलं, म्हणजे आकडी पुढं असली की यायचं आणि आकडी मागं असली की जायचं? ही म्हणाली, हो, बराबर. असं मला पंच्याहत्तरीला एक अक्षर आलं.

लेक कामावरून आला तसा मी कागद त्याच्यापुढं धरला. म्हटलं, "आकडी पुढं हाय." त्याला काही कळेना. मग कळलं. तो चपला न काढताच खाली बसला. सून आतून पाणी घेऊन आली आणि दारातच थांबली. तिलाही ठाऊक नव्हतं हे तिच्या तोंडावरून दिसलं. मी म्हटलं, "आईला अक्षर येत न्हाई म्हणून का?" तो म्हणाला, "तसं न्हाई, आई." एकेक चप्पल काढून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "न्हाणीत पडलीस तेव्हा मी इथून काय करू शकत होतो, सांग. खरं सांगितलं असतं तर तू आली असतीस?" मी म्हटलं, "न्हाई." तो म्हणाला, "मंग? तूच तर शिकवलंस. आजी पण हेच म्हणायची. लक्ष्मीला जायचा दिस सांगू न्हाई." मी म्हटलं, "मी लक्ष्मी हाय का?" तर म्हणतो, "मंग कोण हायेस?"

बोलणं गोड आहे की नाही? गुडीशेवेसारखं. आजीचाच नातू. तुमचं रक्त कुठं गेलं म्हणून विचाराल तर इथं आलं आहे, नवव्या मजल्यावर. मला राग त्याचा आला तितकाच तुमचा आला, खरं तर तुमचा जास्त. लक्ष्मीला कायमची म्हणून बोलावता आणि तिसऱ्या दिवशी डब्यात घालता. सुनेला तीन दिवस म्हणून आणता आणि साठ वर्षं ठेवता. आणि मी ही तुमची रीत दरसाल त्या पोराला मांडीवर घेऊन शिकवत बसले, ते मला आता पंधरा दिवस म्हणून घेऊन आलं. लक्ष्मीला निदान कानवला तरी मिळतो.

चार दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. सुनेशी बोलत होते, तिच्यामार्फत चहाही मागत होते. महालक्ष्म्यांच्या दिवशी सकाळी सुनेनं दोन स्टीलच्या कळश्या घासून माझ्यापुढं ठेवल्या आणि म्हणाली, "आई, मुखवटे न्हाईत, पण खंड पडायला नको. तुम्ही सांगाल तसं करू." मी पदर खोचला. नातीनं हळद कालवून कळश्यांवर तोंडं काढली. थोरली जरा चिडल्यासारखी दिसत होती, धाकटीचा एक डोळा मोठा झाला. सोळा भाज्यांच्या चौदाच मिळाल्या, मग हिनं कोथिंबीर आणि मिरची धरून सोळा केल्या. पावलं दारापासून काढायची तर दारासमोर लिफ्ट. मग लिफ्टपासून काढली.

सुनेनं थोरली घेतली, धाकटी मी घेतली. सगळे म्हणाले तुम्ही मोठ्या, थोरली तुम्ही घ्या, पण माझ्या हाताला सवय धाकटीचीच. आत विचारायला कुणी बाई नव्हती, म्हणून लेकच ताट-पळी घेऊन उभा राहिला. कशाच्या पावलानं आली? धनाच्या, धान्याच्या. सून सांगत होती, मी पुटपुटत होते. लेकराबाळाच्या पावलानं म्हणताना नातीनं मध्येच हात वर केला. ते झालं आणि लेक थांबला. पुढचं त्याला पाठ होतं, लहानपणी ते विचारायला तो सगळ्यांच्या पुढं घुसायचा. त्यानं पळी हातात नुसतीच फिरवली. माझ्याकडं बघितलं नाही. कळशीच्या त्या मोठ्या डोळ्याकडं बघत, अगदी बारीक आवाजात विचारलं, "किती दिसाची आलीस?"

लिफ्टचं दार उघडलं आणि आपोआप मिटलं. सून माझ्याकडं बघत होती. तुम्ही शिकवलेलं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, साठ वर्षांचं घासलेलं. मी म्हटलं, "तीन दिसाची."

पळी थांबली, आत्याबाई. तेव्हा थांबली होती तशीच. फक्त या वेळी कुणी हसलं नाही, आणि मला कुणाला विचारलंय ते बरोबर ठाऊक होतं.

काल तिसरा दिवस झाला. कळश्यांना दहीभात दाखवला, कानवला दाखवला, हळद धुऊन टाकली, कळश्या परत ओट्यावर गेल्या. दुपारी लेक माझ्याशेजारी येऊन बसला. खिशातून घडी केलेला कागद काढला आणि माझ्या हातात दिला. एवढंच म्हणाला, "आई, बघ." मी कागद बटव्यात ठेवला, सुपारीच्या खाली. तो थोडा वेळ बसला आणि उठून गेला.

ही पोरगी कालपासून मागं लागली आहे, आजी, दे ना, मी वाचते. मी म्हटलं, नको, मला येतं. आणि येतंच की. वरची ओळ, दोन गावं, आकडी पुढं आहे का मागं, एवढंच तर बघायचं. आता हे पत्रही हिच्याकडून घेऊन त्याच बटव्यात ठेवणार आहे. एकदा फसवलं तर ते तो तुमच्याकडून शिकला म्हणता येतं. दुसऱ्यांदा फसवलं असेल तर मग कुणाचं नाव घेऊ? सगळ्या जन्मात एक अक्षर शिकले, आत्याबाई, आणि ते बघायला घडी उघडायचा धीर मला कालपासून झालेला नाही.